कहूची साल, आणि पोचवला नाही तो निरोप

माझी थोरली बहीण, मी तिला बाई म्हणतो, चार वर्षं आपल्या नवऱ्याला एका गोष्टीवरून बोलत राहिली आणि ते गेल्यावरही बोलत होती. हृदयाच्या नळीत स्टेंट बसवलेला असताना त्यांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या, हा तिचा राग. गोळ्या बंद केल्या हे खरं. आपल्या मनाने, हे खरं नाही. त्यांचं मन तसं व्हायला मी कारण झालो. आणि गोळ्या बंद झाल्याचं डॉक्टरांच्या, बाईच्या, सगळ्यांच्या आधी मला माहीत होतं.

मी कमी बोलतो. लोक त्याला गंभीरपणा समजतात. त्यात किती भाग भीतीचा असतो हे मला माझं माहीत.

चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. भाऊजी घुग्घुसकडच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. डंपर, पंप, कन्व्हेअरचे रोलर, जे काही फिरतं ते त्यांच्या हाताखालून जायचं. शिक्षण दहावीपर्यंत, पण बिघडलेल्या मशीनला कान लावून ते कुठलं बेअरिंग गेलं ते सांगायचे. आणि मला सर म्हणायचे. बायकोच्या धाकट्या भावाला सर म्हणण्यात जेवढी थट्टा असते तेवढी असायचीच, पण तिच्याखाली खराखुरा मानही असायचा, आणि मला तो आवडायचा.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी देव्हारा उचलला तो उचलला. त्यासोबत अंगारा, उतारा, झाडपाला देणारे, सगळंच घरातून गेलं. ताप आला की दवाखाना. शंका आली की शिकलेल्या माणसाला विचारायचं. घरात शिकलेला माणूस म्हणजे मी. बाईच्या मुलीने कुठली शाखा घ्यावी इथपासून मिक्सर कोणता घ्यावा इथपर्यंत मला फोन यायचा. माझ्या तोंडून आलं म्हणजे ते विज्ञान, असं काहीसं होऊन बसलं होतं. मीही ते होऊ दिलं.

चाळिशी उलटल्यावर मी पीएचडीला नाव घातलं. विषय आपल्याकडच्या जंगलातल्या झाडांच्या साली आणि त्यांच्यातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं. त्यातलं मुख्य झाड अर्जुन, ज्याला आपल्याकडे कहू म्हणतात. नाल्याकाठी उभं असतं, पांढुरक्या गुळगुळीत खोडाचं. हृदयासाठी त्याची साल देतात हे इथल्या जंगलातल्या लोकांना फार आधीपासून ठाऊक आहे.

आता विषय थोडा सांगावा लागेल, कारण चूक तिथेच झाली. आपण श्वास घेतो, त्या प्राणवायूच्या वापरातून शरीरात काही फार चंचल कण तयार होतात. फ्री रॅडिकल म्हणतात त्यांना. ते दिसेल त्याच्याशी झोंबतात. शरीराजवळ त्यांना आवरायची सोय असते, पण कण वाढले आणि सोय कमी पडली की त्या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला त्याने इजा होते, रक्तातली चरबी बिघडते, भिंतीत साचते, नळी अरुंद होते. कहूच्या सालीतल्या टॅनिन, फ्लेव्होनॉइड अशा द्रव्यांत हे कण शमवण्याची ताकद आहे. ती मोजायची एक सोपी चाचणी आहे. एक गडद जांभळं द्रावण घ्यायचं आणि त्यात सालीचा अर्क टाकायचा. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उतरत जाऊन फिकट पिवळा होतो. कहूच्या अर्काने तो इतका भराभर उतरायचा की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी परीक्षानळी खिडकीशी धरून नुसता बघत राहिलो.

पण ती परीक्षानळी आहे. माणूस जे पितो त्यातलं किती पोटातून रक्तात जातं, यकृत त्याचं काय करतं, यातलं काहीच ती सांगत नाही. त्या चंचल कणांची शरीराला गरजही असते, जंतू मारायला, पेशींनी एकमेकींना निरोप द्यायला. शुद्ध केलेली अँटिऑक्सिडंट माणसांना देऊन पाहिली तेव्हा नळीत दिसलं होतं तेवढं शरीरात दिसलं नाही, हेही मी वाचलेलं होतं. वर्गात शिकवतही होतो.

साल आणायला मी धानोऱ्याच्या पलीकडच्या एका गावी जायचो. तिथे औषध देणाऱ्याला पुजारी म्हणतात. हे पुजारी साठीचे असतील. घरात गोंडी, माझ्याशी तुटक मराठी. त्यांची साल घ्यायची रीत ठरलेली. जुनं झाड, सूर्य उगवतो त्या अंगाने हातभर लांब आणि चार बोटं रुंद एवढीच पट्टी, मग त्या जागेवर ओली माती लिंपायची आणि त्या झाडाला पुन्हा दोन पावसाळे हात लावायचा नाही. ही रीत मी वहीत लिहून घेतली. दुसरी एक रीत होती ती लिहिली नाही.

भाऊजींना पहिला झटका येऊन नागपूरला स्टेंट बसून तेव्हा चारएक महिने झाले होते. ते कामावर परतले होते, पण जिना चढताना थांबायचे. मी पुजाऱ्यांना म्हटलं, "यातली थोडी मी घरच्या एका माणसासाठी ठेवू का? बहिणीच्या नवऱ्यासाठी."

त्यांनी हातातली कुऱ्हाड खाली ठेवली. "तो दवाखान्याचा गोळी खाते?"

"खातात."

"मंग ऐक. गोळी चालू ठेवा लागते. साल त्याच्या सोबत. गोळी सोडला तं साल देऊ नोको. आता तू बोल."

मला कळेना. ते म्हणाले, "म्या बोललो ते तू बोल. दवाई दुसऱ्याच्या हातानं जाते तं बोलनं बी जाते. दारात पयले बोलायचं, मंग साल खाली ठेवायचं."

मी म्हणून दाखवलं. त्यांनी आणखी दोनदा म्हणायला लावलं. बाजूला नाल्याकाठच्या खडकावर त्यांची बायको मोहफुलं वाळत घालत होती. ती नवऱ्याला गोंडीत काहीतरी म्हणाली आणि दोघं हसले. "काय म्हणतात?" मी विचारलं. "म्हनते, मास्तर लोकाइले पाठ नाई होत लवकर." मीही हसलो. एम.एस्सी. झालेला माणूस नाल्यात उभा राहून धडा घोकतो आहे, याची मला आतून लाजही वाटली.

बाईच्या दारात मी ते बोललो नाही. बोललो असतो तर हे कुणी सांगितलं ते सांगावं लागलं असतं, आणि पुजाऱ्याने दिलेली साल त्या घरात कुणी चुलीवर चढवली नसती. भाऊजींनी मला हसून वाटेला लावलं असतं. म्हणून मी पुजारी गाळले. ते गाळले आणि त्यांच्यासोबत त्यांचा निरोपही गळाला. साल माझ्या प्रयोगशाळेतली म्हणून गेली.

तेवढ्याने भागलं नाही. भाऊजींचा विश्वास बसावा म्हणून एका रविवारी मी त्यांना कॉलेजवर बोलावलं. घुग्घुसवरून मोटारसायकलने आले, भुवयांवर धूळ. मी जांभळी नळी समोर धरली, वरून अर्काचे थेंब सोडले. रंग उतरला.

"आयला," ते म्हणाले. "हे आमच्या साहेबाच्या शर्टावर टाकून पाहा लागते. पानाचे डाग जातीन."

मग गंभीर झाले. "पण म्हंजे का झालं, सर? मले समजन असं सांगा."

आणि मी त्यांना समजेल असं सांगितलं. म्हटलं, लोखंडाला हवेने गंज लागतो ना, तसं रक्ताच्या नळीला आतून गंज लागल्यासारखं होतं. साल तो गंज थांबवते.

ते नळीकडे पाहत राहिले. "म्हंजे हे ग्रीस आहे," ते म्हणाले. "ग्रीस असलं का हवा नाई लागत, गंज नाई लागत."

"तसंच म्हणा," मी म्हटलं.

वर्गात असलं बेफिकीर उत्तर मी विद्यार्थ्याचंही चालवून घेतलं नसतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं, आणि माझ्या कामातलं काही एवढ्या नीट कुणाला पहिल्यांदाच कळलं होतं.

बाई रोज सकाळी दुधात साल उकळून द्यायला लागली. भाऊजींना बरं वाटू लागलं. खरंच वाटत असेल, किंवा स्टेंट बसून दिवस झाले होते म्हणूनही असेल. महिन्याभराने ते संपत आलेली साल न्यायला आले. प्रयोगशाळेच्या दारातच सांगितलं, "गोळ्या ठेवून देल्ल्या, सर."

"कुठल्या?"

"त्याच, रक्ताच्या. तुमच्या बाईले नाई सांगितलं, ते उगाच तनतन करते. डबीतून काढतो न खिशात टाकतो."

"का पण?"

माझ्या या प्रश्नाचं त्यांना नवल वाटलं. "एका बेअरिंगात दोन ग्रीस घालत नाई, सर. वर्कशॉपमंदी पोराइले पयल्या दिवशी शिकोतो आम्ही. एक ग्रीस वेगळं न दुसरं वेगळं असलं, दोन्ही मिसयले का पातय होऊन वाहून जाते. मंग बेअरिंग जाम. एक तं हे घाला, नाई तं ते घाला. तुमचं चांगलं लागून राह्यलं मले, तं ते बंद केलं."

मी हसलो. हा माझा गुन्हा आहे, आणि तो एवढाच दिसतो. मी हसलो आणि त्यांना सालीची पिशवी दिली.

डॉक्टरांना विचारून घ्या, असं मी तेव्हा म्हणालो होतो, असं मी स्वतःला पुढे कित्येक वर्षं सांगत आलो. जागाही ठरवली होती, जिन्याशी, ते गाडीला किक मारत असताना. मी ते म्हणालो नव्हतो. जिन्यापर्यंत मी गेलोच नाही. मला पुढचा तास होता.

गोळी कशासाठी असते हे मला माहीत होतं. स्टेंट ही बाहेरची वस्तू असते, तिच्यावर रक्त गोठू पाहतं, ते गोठू नये म्हणून ती गोळी. तिचा आणि गंजाचा काही संबंध नाही. दोन वाक्यांचं काम होतं. संध्याकाळी घरी मला ते आठवलं, दुसऱ्या दिवशीही आठवलं. उद्या फोन करू, असं म्हणत राहिलो. फोन केला तर माझ्या तोंडूनच मला सांगावं लागलं असतं की मी दिलेला दाखला चुकीचा होता, साल गोळीची जागा घेत नाही, आणि खरं तर सालीने तुम्हाला बरं वाटतंय की नाही हेही मला ठाऊक नाही. माझ्या कामाने एक माणूस सुधारला, हे सुख मला मोडायचं नव्हतं. प्रबंधाच्या प्रस्तावनेत त्याचं एक वाक्यही मी मनात तयार करून ठेवलं होतं.

सोळाव्या दिवशी, पहिल्या पाळीला, वर्कशॉपमध्येच ते खाली बसले. स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. चंद्रपूरहून नागपूरला नेलं, नळी पुन्हा मोकळी केली, जीव वाचला. पण हृदयाचा एक मोठा भाग निकामी झाला होता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेशी आले. तरुण होते, चिडलेले होते. "गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाई उशाशी, मी पायाशी. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही विचारायचं असावं, परवानगी मागावी तसं पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागलो.

"कोनं नाई," ते म्हणाले. "म्या माह्याच मनानं."

डॉक्टर गेल्यावर बाई त्यांना म्हणाली, "घरात एवढा शिकलेला भाऊ आहे ना. त्याले एक फोन करून विचारता नाई आलं तुमाले?"

हे वाक्य ती पुढे चार वर्षं बोलत राहिली. त्यांना खाणीत बसून करायचं हलकं काम मिळालं. सूज यायची, दम लागायचा, मीठ बंद, पाणीसुद्धा मोजून. रोज सकाळी बाई गोळ्यांची डबी त्यांच्यासमोर उघडून धरायची. "खा. माह्यासमोर खा. तुमच्या मनावर भरोसा नाई राह्यला आता." शेजारणींना सांगायची, माझ्या बायकोला सांगायची. हट्टी माणूस, कोणाचं ऐकत नाई, स्वतःच्या हातानं करून घेतलं. ते ऐकून घ्यायचे. मी समोर असलो तर माझ्याकडे पाहायचेही नाहीत, आणि ते न पाहणं माझ्यासाठी असायचं.

एकदा आम्ही दोघंच होतो. त्यांच्या अंगणात ऊन घेत बसलो होतो. मी म्हटलं, "भाऊजी, मी बाईला सांगतो."

"कायले?"

"चूक माझी आहे."

ते बराच वेळ पायाची सूज बोटाने दाबून पाहत होते. दाबलं की खळगा पडायचा, हळूहळू भरायचा. मग म्हणाले, "ऐक. मले बोलते, न घटकाभरानं च्या आनून देते. तुले बोलन तं तिचं माहेर तुटन. आईबाप नाई राह्यले, तूच आहे. राहू दे."

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा तू म्हटलं. मी हो म्हणालो. लगेच म्हणालो, आणि मनातून हलका झालो, हे लिहायला आज सगळ्यात जड जात आहे. त्यांनी बाईचा विचार केला होता. मी त्या विचाराच्या मागे दडून बसलो.

प्रबंधाच्या कामासाठी धानोऱ्याकडे पुन्हा जावंच लागलं. पुजाऱ्यांनी विचारलं, "तुझा मानूस कसा आहे? बोलला होता ना दारात?" बोललो होतो, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि सालीची पट्टी माझ्या हातात दिली. या वेळी काही म्हणून दाखवायला लावलं नाही. मी आता शिकलो आहे, असं त्यांना वाटलं असावं.

पदवी मिळाली. भाऊजी कॉलेजवर हार घेऊन आले होते. दोन जिने चढता येईनात म्हणून हार खालीच माझ्या गळ्यात घातला.

गेल्या वर्षी ते गेले. दुपारी जेवून पडले होते, उठले नाहीत. वर्षाने बाईने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. विहारात भंतेजींनी वंदना घेतली, मग आठवणी सांगायला माणसं उठली. मला बोलावलं गेलं. मी त्यांच्या कसबाबद्दल बोललो, कान लावून बेअरिंग ओळखण्याबद्दल बोललो, लोक रडले. माझ्यानंतर बाई उठली. म्हणाली, "मानूस सोन्यासारखा होता. पण ऐकला नाई. ऐकला असता तं आज इथी असता." बायकांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मेलेल्या माणसावर माझी चूक मंचावरून ठेवली जात होती, आणि आता राहू दे म्हणायला ते नव्हते.

त्यानंतर आठच दिवसांनी मी घुग्घुसला गेलो. सकाळची वेळ होती. बाई ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत होती. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली, नाहीतर चहा आला असता आणि मी परत निघालो असतो. पुजारी, निरोप, नळी, गंज, ग्रीस, हसणं, सगळं सांगितलं. दवाखान्यातल्या घड्याळापाशी आलो तेव्हा तिचे हात थांबले.

"किती दिवस पयले माहीत झालं तुले?"

"सोळा."

"सोळा दिवस फोन होता तुह्याजवय."

"होता."

"मंग काऊन नाई केला?"

"मला चांगलं वाटत होतं, बाई. माझ्यामुळे ते बरे झाले असं."

ती रडली नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल, त्याची मी तयारी करून आलो होतो. ती हळूच म्हणाली, "मी त्याइले रोज बोलली. ज्या दिवशी गेले त्या दिवशी बी बोलली. न ते गोळी खाऊन मले म्हनत, झालं का समाधान." मग पुन्हा म्हणाली, "रोज बोलली बाबू मी."

मी तिच्याजवळ बसायला गेलो. तिने हातानेच थांबवलं.

"पोरीले फोन लाव," ती म्हणाली. भाची मूल या गावी शिक्षिका आहे. "माह्यासमोर लाव. मले सांगितलं तसं सांग. काही गाळू नोको."

मी लावला आणि सांगितलं. काही गाळलं नाही. पलीकडे शाळेची घंटा झाली, मुलांचा गलका ऐकू आला, मग भाचीने फोन ठेवला. बाईने विचारलं, "सगयं सांगितलं?" मी हो म्हटलं. "मंग जा आता," ती म्हणाली. "मी बोलावन तेव्हा ये."

त्याला चार महिने झाले. तिने बोलावलेलं नाही. भाऊजींना ज्याची भीती होती ते झालं आहे, आणि तिला माहेर उरलं नाही याचाही धनी मीच आहे.

भाचीने मात्र परवा फोन केला. बाई घरोघरी जाऊन आली म्हणाली. ज्या ज्या बायकांजवळ तिने नवऱ्याला नावं ठेवली होती, त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली आणि सांगून आली की त्याइनं आपल्या मनानं गोळ्या नव्हत्या सोडल्या, त्याइले चुकीचं सांगितलं गेलं होतं, मी उगाच बोलत होती. कुणी सांगितलं होतं, असं बायकांनी विचारलंच. बाई म्हणाली, ते जाऊ द्या.

"तुमचं नाव नाही घेतलं तिनं, मामा," भाची म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती, नुसतं कळवणं होतं.

दवाखान्यातल्या खाटेवर एका माणसाने माझ्यासाठी तोंड मिटून घेतलं होतं. आता त्याच्या बायकोनेही मिटून घेतलं. हे दुसऱ्यांदा मला चालवून घ्यायचं नाही. कुणी सांगितलं होतं, या बायकांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे लिहिलं आहे. त्यांना चुकीचं सांगणारा तो शिकलेला माणूस मी होतो.